न मागितलेलं गाणं

हिंजवडीला कंपनीच्या बसमधून उतरले, रोजच्यासारखा बाबांच्या मोबाइलवर मिस्ड कॉल द्यायला नंबर लावला, तर कानात ढोल वाजायला लागला. ढोलामागून एक बाई आली आणि लाडालाडात हिंदीत कुणाला तरी आपल्या गल्लीत बोलवायला लागली. मी दचकून फोन कापला. राँग नंबर लागला असेल म्हणून एकेक आकडा बघून पुन्हा लावला. पुन्हा तोच ढोल, तीच बाई, तीच गल्ली. माझे बाबा तेव्हा साठी ओलांडलेले, खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि टीव्हीवर असलं गाणं लागलं तर मुकाट्याने उठून बातम्या लावणारे गृहस्थ होते. त्यांच्या फोनमध्ये ही बाई शिरली कशी, हे मला कळेना.

आता मिस्ड कॉलबद्दल सांगायला हवं, कारण आजच्या मुलांना ते खरं वाटणार नाही. इनकमिंग फुकट झालेलं होतं, पण आपण फोन केला आणि समोरच्याने उचलला की पैसे कटत. उचललाच नाही तर कटत नसत. एवढ्या एका फटीतून तेव्हाचं अर्धं पुणं आपले व्यवहार उरकत होतं. गॅसवाला खाली आला की मिस्ड कॉल द्यायचा, मैत्रीण चौकात येऊन उभी राहिली की मिस्ड कॉल द्यायची. आमच्याकडे तर त्याचे नियमच होते आणि ते बाबांनी सुवाच्य अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवले होते. दोन रिंगा म्हणजे पोचले. तीन रिंगा म्हणजे उशीर होईल, जेवून घ्या. चार किंवा त्याहून जास्त म्हणजे काहीतरी बिनसलंय, ताबडतोब फोन करा.

आम्ही राहत होतो कात्रजला. कारखान्याचं क्वार्टर सोडल्यावर बाबांनी तिथे दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता. माझी नोकरी हिंजवडीला, म्हणजे शहराच्या बरोबर दुसऱ्या टोकाला. सकाळी मी बाहेर पडले की माझ्या दोन रिंगा येईपर्यंत आई कुकर लावायची नाही. तेव्हा हे गाणं म्हणजे नुसता विनोद नव्हता. रिंगा मोजायच्या त्या आपल्या कानात वाजणाऱ्या ट्रिंग-ट्रिंगवरून, आणि इथे ट्रिंगच्या जागी गाणं. दोन ढोलांची एक रिंग धरायची की बाईच्या एका ओळीची, हे त्या नियमांत लिहिलेलं नव्हतं. मी अंदाजाने फोन कापला आणि कामाला लागले.

संध्याकाळी घरी गेल्यावर बाबांना म्हटलं, "तुमच्या फोनवर गाणं वाजतं."

"माझ्या फोनवर ट्रिंग वाजते," बाबा पेपरमधून डोकं न काढता म्हणाले.

"तुम्हाला ट्रिंगच ऐकू येणार. फोन करणाऱ्याला गाणं ऐकू येतं. त्याला कॉलर ट्यून म्हणतात."

"म्हणजे गाणं माझं, आणि ऐकणार दुसरे?"

"हो."

"आणि पैसे?"

"तुमचे. महिन्याला तीस रुपये."

बाबांनी पेपर खाली ठेवला. माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही असं काही नव्हतं, पण कारखान्यात ते आयुष्यभर तपासणी विभागात होते, आणि स्वतः तपासल्याशिवाय कुठलीही वस्तू पुढे सोडायची त्यांना सवय नव्हती. मी माझा मोबाइल पुढे केला, पण 'तोही त्याच कंपनीचा' म्हणत तो बाजूला सारून ते चपला घालून कोपऱ्यावरच्या पीसीओत गेले. मी मागोमाग गेले. पीसीओच्या काचेच्या पेटीत उभं राहून त्यांनी डाव्या कानाला रिसीव्हर लावला, उजव्या हातात स्वतःचा मोबाइल धरला आणि स्वतःलाच फोन लावला. उजव्या हातात ट्रिंग-ट्रिंग सुरू झालं. डाव्या कानात काय चाललंय ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. त्यांनी फोन कापला नाही, शेवटपर्यंत ऐकला. बाहेर आल्यावर म्हणाले, "एकच कडवं आहे. संपलं की परत पहिल्यापासून." पीसीओवाल्या काकांनी न विचारता सांगितलं, "कॉलर ट्यून ना? आमच्या मेव्हण्यालापण लागलीय. शोधून काढा, कुणी लावली ते."

घरी आलो तर आई हसत बसलेली. ती आणि बाबा, दोघंही मूळचे वर्ध्याकडचे. बाबांनी पुणेरी बोलणं उचललं होतं, पण पुण्यात तीस वर्षं काढूनही तिने आपली बोली सोडलेली नव्हती. "अहो, शेजारच्या काकूंकडे दादाचा फोन आला होता," ती म्हणाली. "विचारून राहिला होता, भाऊजीले काय झालं म्हणून. काल दुपारपासून म्हणे, तुमच्याकडे फोन लावला की बाई नाचते. मले सांगायला लाजून राहिला होता."

काल दुपारपासून! म्हणजे दीड दिवसात कारखान्यातले जुने सोबती, बँकेतले साहेब, सोसायटीचे सेक्रेटरी, सगळ्यांनी ते गाणं ऐकलेलं होतं आणि बाबांना कुणी एका शब्दाने बोललं नव्हतं. बाबांचे कान लाल झाले. मला हसू दाबता येईना, म्हणून मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेले.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी स्पीकर सुरू करून कस्टमर केअरला फोन लावला. बरीच बटणं दाबल्यावर एक मुलगी आली. बाबांनी आपलं नाव, नंबर, तक्रार, सगळं हजेरी दिल्यासारखं सांगितलं. ती म्हणाली, "सर, आपल्याला कंपनीकडून एक कॉल आला होता. त्यात गाणं ऐकवलं होतं. गाणं आवडल्यास स्टार दाबा असं सांगितलं होतं. आपण स्टार दाबलात."

"मी स्टार दाबलेला नाही."

"सर, सिस्टीममध्ये दिसतंय."

"सिस्टीमला काय दिसतं ते सिस्टीमपाशी. मी काय केलं ते मी सांगतोय."

"सर, मी सेवा बंद करते. पण कापलेले पैसे परत नाही मिळणार, कारण स्टार आपण दाबलाय."

इथे बाबांचा पारा चढला. ते रागावले की त्यांचं पुणं गळून पडे आणि वर्धा उरे. "काहून दाबीन मी? मले काय गाणे ऐकाची हौस आली होती?" असं ते ओरडले. ती मुलगी शांतपणे म्हणाली, "आपला दिवस शुभ जावो."

त्या वेळी मी जे बोलले ते आजही मला बोचतं. मी म्हटलं, "बाबा, चुकून दाबला गेला असेल हो. खिशात असताना वगैरे. कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल?"

बाबांनी स्पीकर बंद केला. मग अगदी हळू म्हणाले, "चौतीस वर्षं मी जिथे काम केलं, तिथे चुकून बटण दाबणारा माणूस निवृत्त होत नाही."

ही बढाई नव्हती. त्यांच्या विभागात काय तपासलं जायचं ते त्यांनी घरी कधी सांगितलं नाही. पण लहानपणी क्वार्टरमध्ये कधी वेळी-अवेळी भोंगा वाजला की सगळ्या बायका दारात येऊन उभ्या राहत, हे मी पाहिलेलं होतं. हाताने काय केलं ते लक्षात ठेवायचं, आणि जे केलं ते 'मी केलं' म्हणून सांगायचं, यावर त्यांची सगळी नोकरी झाली होती. तीस रुपये कंपनीने हवे तर नेले असते. पण 'तुम्ही दाबलं' हे तिने म्हणू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आणि मी, त्यांची मुलगी, ज्या मुलीचं कामच मुळी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं होतं, जिने त्याच आठवड्यात एका प्रोग्रॅममध्ये चाळीसएक चुका काढून दिल्या होत्या, ती म्हणत होती की कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल.

गाणं बंद झालं. आम्ही विषय संपला म्हणून सुटकेचा श्वास टाकला. पाचव्या दिवशी नवीन गाणं लागलं. या वेळी एक पुरुष होता, आणि तो फार दुःखात होता. कुणीतरी त्याला सोडून गेलं होतं आणि तो दारू न पिता जगू शकत नव्हता. पुन्हा तीस रुपये गेले. आईला मात्र हे गाणं आवडलं. "मले तर बाप्पा चांगला वाटते हा," ती म्हणाली, आणि शेजारच्या काकूंच्या फोनवरून दोनदा बाबांना फोन लावून तिने ते पूर्ण ऐकलंसुद्धा.

मग बाबांनी पत्र लिहिलं. फुलस्केप कागदावर, समास सोडून, मधे कार्बन घालून. विषय, संदर्भ, महोदय. पत्र घेऊन ते सातारा रस्त्यावरच्या मोबाइल कंपनीच्या गॅलरीत, म्हणजे ग्राहकांसाठीच्या दुकानात गेले. पुढची हकिगत त्यांनी मला घरी आल्यावर तिखटमीठ न लावता सांगितली. तिखटमिठाची गरजच नव्हती.

गॅलरीत एसी, काचेची दारं, टोकन देणारं यंत्र. काउंटरवर एक तरुण मुलगी. बाबांनी पत्र पुढे केलं. ती म्हणाली, "अंकल, लेटर कशाला? मला सांगा ना, मी कम्प्लेंट टाकते."

"टाका. आणि पत्र घेतल्याची पोच द्या."

"पोच म्हणजे?"

"दुसऱ्या प्रतीवर मिळाल्याची सही, तारीख आणि शिक्का."

"अंकल, आमच्याकडे शिक्का नसतो."

"मग आवक कशी नोंदवता?"

त्या मुलीने बाबांकडे अशा नजरेने बघितलं म्हणे, की तिच्याबद्दल बाबांनाच वाईट वाटलं. "सगळं ऑनलाइन असतं, अंकल," ती म्हणाली.

"ठीक आहे. शिक्का येईपर्यंत मी बसतो. आणि मी तुमचा अंकल लागत नाही."

ते बसले. दुपारपर्यंत बसले, एसीत गारठले, घरी आले. दुसऱ्या दिवशी स्वेटर घालून गेले. एप्रिलमध्ये, पुण्यात, स्वेटर! तिसऱ्या दिवशी त्या मुलीने दुसऱ्या प्रतीवर सही करून दिली आणि शिक्का नाही म्हणून सहीशेजारी पेनाने एक गोल काढून त्यात तारीख लिहिली. बाबा तेवढ्यावर खूश झाले. "पोरगी शिकेल," घरी येऊन म्हणाले.

याच दिवसांत एकदा मी ऑफिसला पोचल्यावर फोन लावला आणि तो दुःखी माणूस कानात रडायला लागला. किती वेळ धरायचं त्याचा अंदाज चुकला. बाबांच्या बाजूला पाच रिंगा वाजल्या. फ्रिजवरच्या नियमाप्रमाणे त्यांनी ताबडतोब फोन केला, पण आमच्या लॅबमध्ये मोबाइल न्यायला बंदी होती आणि माझा फोन ड्रॉवरमध्ये पडलेला. त्यांनी सहा वेळा केला. मग ते निघाले. कात्रजहून स्वारगेट, स्वारगेटहून मनपा, मनपाहून हिंजवडी, तीन बसा बदलून, दोन तासांनी, ते आमच्या कंपनीच्या गेटवर उभे. मला खालून निरोप आला, म्हणून मी धावत गेले. बाबांच्या शर्टाची पाठ घामाने भिजलेली, चष्मा पुसायला काढलेला. मला बघितलं आणि त्यांनी चष्मा परत घातला.

"ठीक आहेस?"

"मी ठीक आहे, बाबा. गाण्यामुळे रिंगा कळल्या नाहीत."

"बरं. मग निघतो मी."

"अहो, आत या, चहा तरी घ्या."

"नको. आई कुकर लावायची थांबलीय." आणि ते बसथांब्याकडे चालायलासुद्धा लागले. मला त्या क्षणी इतकं भरून आलं, आणि इतका राग आला, की मी तिथेच उभी राहून ठरवलं, आता हे गाणं मी स्वतः संपवणार.

पुढच्या शनिवारी मी बाबांबरोबर गॅलरीत गेले. मी हुशार, शिकलेली, इंग्रजीत भांडू शकणारी. काउंटरवरच्या मुलीने बाबांना ओळखीचं हसू दिलं, "या सर," म्हणाली, अंकल नाही, आणि आम्हाला मॅनेजरकडे पाठवलं. मॅनेजर पस्तिशीचा, शांत, अगदी सभ्य गृहस्थ होता. त्याने आम्हाला बसवलं, पाणी दिलं, कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि एक कागद छापून आमच्यासमोर ठेवला. त्यावर बाबांचा नंबर, तारीख, आणि पुढे: कॉल लागला सकाळी अकरा बेचाळीस, स्टार दाबला अकरा त्रेचाळीस.

"बघा सर, रेकॉर्ड आहे. दुसरं गाणं आमच्या बाजूने चुकून लागलं असेल, त्याचे पैसे मी परत करतो. पण पहिलं तुम्हीच घेतलंय."

बाबा कागद वाचत होते. एकाच ओळीवर त्यांचं बोट थांबलं होतं. मला वाटलं, त्यांना आता पटलंय आणि कबूल करायला जड जातंय. मी त्यांना त्यातून सोडवायला गेले. मॅनेजरच्या टेबलावर वाकून, आवाज उतरवून म्हटलं, "वय झालंय हो त्यांचं. चुकून दाबलं असेल, त्यांच्या लक्षात नाही. तुम्ही पैशांचं सोडा, फक्त कायमचं बंद करा."

आवाज उतरवला होता, पण खोली लहान होती. बाबांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि उठले. मॅनेजरला नमस्कार केला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "तू बसने जा. मला थोडं चालायचंय." सातारा रस्त्यावर भर उन्हात माझे बाबा माझ्यापासून लांब चालत गेले, आणि मी त्यांना हाक मारली नाही. काय म्हणून मारणार होते?

त्यानंतरचे आठ-दहा दिवस घरात सगळं नीट चाललं होतं, आणि तेच वाईट होतं. बाबा माझ्याशी बोलत होते, भाजी वाढ म्हणत होते, पेपरमधली बातमी दाखवत होते. फक्त माझ्या कामाबद्दल विचारेनात. आधी रोज विचारायचे, आज किती चुका सापडल्या? हा त्यांचा आवडता प्रश्न होता. एका तपासनीसाचा दुसऱ्या तपासनीसाला. तो बंद झाला. मी एकदा आपणहून सांगायला गेले तर म्हणाले, "हो का? छान." पुण्यात मुरलेल्या माणसाने 'हो का, छान' म्हटलं की संपलं.

सकाळी मात्र ते इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडू लागले. आईला विचारलं तर म्हणाली, "खडकीला जाऊन राहिले. काय करून राहिले, मले काही सांगत नाही. डबाही नेत नाही, माय." तीन दिवस गेले, मग एक दिवस गेले नाहीत, मग परत गेले. मला वाटलं, जुन्या मित्रांकडे माझी तक्रार करायला जात असतील. माझ्या मनाला दुसरं काही सुचेना.

शुक्रवारी रात्री जेवताना ते म्हणाले, "उद्या गॅलरीत जायचंय. तुला वेळ आहे?"

मी गेले. त्याच मॅनेजरसमोर आम्ही पुन्हा बसलो. बाबांनी आधी त्याचा छापील कागद खिशातून काढून टेबलावर ठेवला. मग त्याच्या शेजारी दुसरा कागद ठेवला. तो हाताने लिहिलेला होता, पण खाली जांभळा गोल शिक्का आणि दोन सह्या होत्या.

"त्या दिवशी," बाबा म्हणाले, "मी खडकीला गेलो होतो, माझ्या मेडिकल कार्डाच्या कामासाठी. कारखान्याच्या आत मोबाइल चालत नाही. काडेपेटी चालत नाही, मोबाइल चालत नाही. गेटवर बंद करून द्यावा लागतो. दरबान तो कपाटात ठेवून कुलूप लावतो आणि वहीत लिहितो. हा त्या वहीचा उतारा. वाचा."

मॅनेजरने वाचला. त्याच्या खांद्यावरून मीही वाचला. एक मोबाइल, बंद केलेला, जमा सकाळी दहा वाजून पाच. बिल्ला क्रमांक. परत दुपारी एक वाजून वीस. बाबांची सही, दरबानाची सही. अकरा त्रेचाळीसला, जेव्हा कॉम्प्युटरच्या म्हणण्याप्रमाणे माझे बाबा गाण्यावर खूश होऊन स्टार दाबत होते, तेव्हा त्यांचा फोन भारत सरकारच्या कुलपात बंद पडलेला होता.

मॅनेजरने दोन्ही कागद आलटून पालटून बघितले. त्याला वाईट वाटत होतं, हे मला दिसत होतं. त्याने वर कुणाला तरी फोन लावला, "नाही सर, स्टॅम्प आहे सर, गव्हर्न्मेंटचा," असं दोनदा म्हणाला. मग फोन ठेवून म्हणाला, "काका, सॉरी. गाणं आत्ताच कायमचं बंद करतो, आणि सगळे पैसे आज संध्याकाळपर्यंत जमा होतील."

"पैसे ठीक. मला लिहून द्या."

"काय लिहू?"

"जे झालं ते."

त्याने काउंटरवरच्या मुलीला बोलावून कंपनीच्या लेटरहेडवर टाइप करून घेतलं, की ही सेवा ग्राहकाच्या संमतीशिवाय सुरू झाली होती आणि ग्राहकाने कोणतेही बटण दाबलेले नव्हते. खाली सही केली. ती मुलगी कुठूनतरी एक कोरा करकरीत शिक्का घेऊन आली आणि तिने तो ठप्पकन मारला. "सर, नवीन मागवला," ती म्हणाली. बाबा तिच्याकडे बघून मनापासून हसले. गेल्या पंधरा दिवसांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

बाहेर आलो. रस्त्याच्या पलीकडे रसवंती होती. बाबा म्हणाले, "चल, रस घेऊ. आलं, लिंबू घालून." आम्ही लाकडी बाकावर बसलो. चरकाच्या घुंगरांचा आवाज चालला होता. त्या उताऱ्यासाठी त्यांना काय काय करावं लागलं ते मी एकेक करून विचारून घेतलं. वही अशी कुणाला दाखवत नाहीत. पहिल्या दिवशी दरबानाने हाकललं. दुसऱ्या दिवशी अर्ज दिला. तिसऱ्या दिवशी सुरक्षा अधिकारी रजेवर. मग जुना एक सोबती, जो अजून नोकरीत होता, त्याने शब्द टाकला. चार खेपा, कात्रज ते खडकी, एप्रिलच्या उन्हात.

"बाबा," मी म्हटलं, "त्या दिवशी आत मी जे बोलले ना... मला खरंच वाटलं होतं, तुम्हीच दाबला असेल."

"माहीत आहे मला."

"मला फार लाज वाटतेय."

"वाटू दे," ते म्हणाले. त्यांनी ग्लासातला बर्फ हलवला. "कंपनीला काय सांगायचं होतं मला? ते पोरगं उद्या दुसऱ्या गॅलरीत जाईल, त्याला मी आठवणारही नाही. तीस रुपयांसाठी कुणी चार वेळा खडकीला जातं का?"

"मग कशाला गेलात?"

त्यांनी शर्टाच्या खिशातून ते शिक्क्याचं पत्र काढलं, घडी नीट केली आणि माझ्या पर्समध्ये ठेवलं.

"तुझ्यासाठी," म्हणाले, आणि रसवाल्याला आणखी एक ग्लास सांगितला.